मराठवाडा पाहायचा तर मुक्काम हलवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सहलींची पाने येतात. मराठवाड्याच्या वाट्याला त्यात बहुतेक वेळा एकच परिच्छेद येतो: अजिंठा, वेरूळ, बिबी का मकबरा, आणि शेवटी 'दोन दिवस पुरेत'. हे दोन दिवस कसे जातात, ते छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर संध्याकाळी सात वाजता उभे राहिले की कळते. म्हातारी माणसे बाकावर पाय चोळत बसलेली असतात, पोरे पेंगुळलेली असतात आणि कैलास लेणे वीस मिनिटांत उरकलेले असते. मराठवाड्यात ठिकाणांना तोटा नाही आणि मुख्य रस्तेही आता बरे झाले आहेत. वार चुकतो, वेळ चुकते, आणि रोज नवे गाव, नवा लॉज या धावपळीत दिवसाचा उजेड हातचा जातो. इथे वारंवार फिरणारी माणसे मुक्काम एकाच गावी तीन रात्री ठेवतात, सामान खोलीवर टाकतात आणि हलक्या पिशवीने रोज एका दिशेला जाऊन येतात. ही रीत वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट वारांची, कारण सर्वांत जास्त कुटुंबे तिथेच फसतात. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा घेणारे अजिंठ्याचा बेत सोमवारी ठेवतात आणि शंभर किलोमीटर जाऊन कुलूप पाहून परततात. सोमवार-मंगळवारच हाताशी असतील तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, हा क्रम एवढाच शक्य आहे. मात्र सोमवारी वेरूळला गेलात तर घृष्णेश्वराला त्या दिवशी रांग मोठी असणार, श्रावणात तर विचारूच नका. दर्शन आणि लेणी दोन्ही निवांत हवी असतील तर बुधवार ते शुक्रवार हे तीन दिवस सोन्यासारखे.

आता वेरूळकडे वळतो, कारण तिथला दिवस नीट लावला तर चार ठिकाणे सहज होतात आणि उलटा लावला तर एकही धड होत नाही. पहिला मुक्काम संभाजीनगरचा. शहरातून निघाल्यावर एकाच रस्त्यावर आधी सुमारे १५ किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला, पुढे खुलताबाद आणि ३० किलोमीटरच्या आसपास वेरूळ. बहुतेक भाड्याच्या गाड्या लोकांना आधी थेट वेरूळला नेतात आणि परतताना, दुपारी तीन-साडेतीनला, किल्ल्याच्या पायथ्याशी सोडतात. हा क्रम दोन्ही ठिकाणांची माती करतो. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगाला खोदलेली आहेत. सकाळी डोंगराची सावली लेण्यांवर असते आणि शिल्पे सपाट, करडी दिसतात. दुपारी दोननंतर ऊन समोरून यायला लागते. चारच्या सुमारास कैलासच्या अंगणात तिरपा उजेड पडतो तेव्हा जोत्यावरच्या हत्तींची रांग दगडातून पुढे आल्यासारखी दिसते. दहाव्या क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात वरच्या कमानीच्या खिडकीतून उजेड आत बुद्धमूर्तीपर्यंत जातो, तोही दुपार उतरताना. सकाळी आलेल्याला हे काहीच दिसत नाही आणि लेणी काळोखी आहेत असे तो घरी जाऊन सांगतो.

किल्ल्याचे नेमके उलट. दौलताबादचा चढ सकाळच्या गारव्यात चढण्याचा आहे. सात-साडेसातशे पायऱ्या आहेत, उंची सारखी नाही, आणि मधल्या अंधारी भुयारात वटवाघळे आहेत. मोबाईलचा दिवा पुरत नाही. तो एका हातात अडकतो आणि दुसऱ्या हाताने भिंत धरावी लागते. डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी, नाहीतर बॅटरीवाला माणूस पुढे ठेवून मागच्यांनी एकमेकांचा हात धरावा. भुयारातल्या पायऱ्यांवर वळणाच्या आतल्या बाजूला पाऊल ठेवू नये, तिथे दगड अरुंद आणि घासून गुळगुळीत झालेला आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खंदकावरच्या पुलापर्यंत जाऊन परतावे. चांदमिनार, भारतमाता मंदिराचे खांब, चिनी महाल आणि मेंढा तोफ एवढे पाहूनही फेरी वाया जात नाही. धडधाकट माणसाला वरच्या बारादरीपर्यंत सव्वा तास, उतरायला पाऊण तास आणि मध्ये बसायला अर्धा तास धरावा. माणशी दीड लिटर पाणी खालूनच न्यावे.

म्हणजे दिवस असा लागतो: सकाळी किल्ला उघडताच आत, साडेदहा-अकराला खाली, मग खुलताबाद. तिथे निद्रिस्त भद्रा मारुती आहे, औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची साधी कबर आहे आणि थोडे बाजूला मलिक अंबरचा मकबरा आहे. या मकबऱ्याकडे कुणी फिरकत नाही याचे फार वाईट वाटते. ज्याने संभाजीनगर शहर वसवले आणि त्याला नहरींनी पाणी पाजले, तो इथे शांत पडला आहे. दीडच्या सुमारास वेरूळला जेवण, दोन वाजता लेण्यांचे तिकीट. आत शिरल्यावर समोरच कैलास दिसते म्हणून तिथे घुसू नये. आधी आतल्या बसने जैन लेणी गाठावीत. ती क्रमांक ३० ते ३४, एक किलोमीटरहून जास्त दूर आहेत आणि पायी जाणारे तिथे पोहोचेपर्यंत दमतात. बत्तिसाव्या इंद्रसभेचे छत आणि वरच्या मजल्यावरचे खांब पाहून परत यावे, मग दहा, अकरा, बारा, आणि चारच्या ठोक्याला कैलास. लेणी सूर्यास्ताला बंद होतात, तेव्हा दिवाळीच्या दिवसांत कैलासाला दीड तासाहून जास्त मिळत नाही हे लक्षात ठेवावे.

घृष्णेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा-बनियन काढावा लागतो, म्हणून थंडीच्या दिवसांत उपरणे किंवा पंचा पिशवीत असावा. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या मंदिराचे बाहेरचे तांबडे दगडी काम लोक रांगेच्या घाईत पाहतच नाहीत. दर्शन झाल्यावर एक प्रदक्षिणा बाहेरून मारावी.

समृद्धी महामार्गाने नागपूर किंवा मुंबईकडून येणाऱ्यांनी माळीवाडा इंटरचेंजला उतरावे. दौलताबाद तिथून जवळ आहे, शहरात शिरून पुन्हा बाहेर पडण्यात तास घालवू नये. मात्र काँक्रीटच्या सलग रस्त्यावर चाके तापतात. टायर जुने असतील किंवा हवा कमी-जास्त असेल तर ते फुटण्याची भीती असते. निघण्यापूर्वी हवा गार टायरमध्ये मोजावी, दर दीड-दोन तासांनी थांबावे आणि चाकाला हात लावून पाहावा. स्टेपनीतही हवा आहे का, हे घरीच बघावे.

अजिंठ्याचे दुखणे वेगळे आहे. तिथे उजेडाला घाबरायचे असते. भिंतींवर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा केला आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्या भिंतीवर रंग. ओल, हाताचा घाम आणि गर्दीच्या श्वासाची वाफ यांनी या गिलाव्याचे पोपडे सुटतात. म्हणून दिवे मंद आहेत, फ्लॅश चालत नाही, आणि चित्रांच्या लेण्यांत पायताण बाहेर काढावे लागते. उन्हातून आत गेल्यावर पहिली पाच मिनिटे काही दिसत नाही आणि बहुतेक लोक त्याच पाच मिनिटांत बाहेर पडतात. आत जाऊन खांबाजवळ उभे राहावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणि आहे. आधी फक्त चेहऱ्याचा गोरा भाग दिसतो, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग हातातले निळे कमळ, आणि सगळ्यात शेवटी मागची गर्दी: माणसे, माकडे, मोर. ही शेवटची गर्दी दिसेपर्यंत थांबणे, यालाच अजिंठा पाहणे म्हणतात.

क्रम कुठला धरावा हे तुम्ही रात्री कुठे होता त्यावर ठरते. शहरातून येणाऱ्या गाड्या साडेदहा-अकराला पोहोचतात आणि ते सगळे लोक एक आणि दोन क्रमांकांच्या दारात अडकतात. अशा वेळी दारे ओलांडून सरळ सव्विसाव्या लेण्याकडे चालावे. तिथे डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची निजलेली मूर्ती आहे. तिथून उलटे सतरा, सोळा, दहा, नऊ करत दुपारी एकला पहिल्या लेण्यात यावे, तोवर ती गर्दी पुढे सरकलेली असते. लेण्यांजवळच्या फर्दापूर गावी मुक्काम केला असेल तर नऊला पहिल्या गाडीने जाऊन आधी एक आणि दोन पाहावीत, कारण तासभर ती जवळपास रिकामी मिळतात. आमची पसंती विचाराल तर फर्दापूरचा एक मुक्काम. तीन रात्री एकाच गावी ठेवण्याच्या नियमाला इथे अपवाद करावा असे आम्हाला वाटते.

गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवावी लागते आणि तिथून चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे. बसथांब्याकडे जाताना दुकानांची रांग लागते. घासाघीस करायची असेल तर परतताना करावी, सकाळचा वेळ तिथे घालवू नये. बसमधून उतरल्यावर पायऱ्यांचा चढ आहे, ज्येष्ठांसाठी डोलीवाले असतात. दर आधी ठरवावा आणि जाण्या-येण्याचा मिळून ठरवावा, नाहीतर वर गेल्यावर परतीचे वेगळे पैसे पडतात. परतीला संभाजीनगरकडे जाणारी जळगावहून आलेली गाडी टी-पॉइंटला थांबते खरी, पण संध्याकाळी पाचनंतर ती भरूनच येते. चारच्या आधी खाली उतरले की बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी असते.

याच मुक्कामाची तिसरी फेरी पैठणची. सुमारे ५० किलोमीटर. नाथांचे मंदिर, जायकवाडीचा नाथसागर आणि पैठणीचे माग. हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांनी उजाडतानाच जलाशयाच्या काठी असावे, ऊन चढले की पाण्यावर झळ येते आणि दुर्बिणीत सगळे थरथरते. पैठणी घेणाऱ्यांनी पदर उलटा करून पाहावा. हातमागावरच्या पदरात मोर उलट बाजूनेही तसाच भरीव दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा जाळी लावून ते झाकलेले असतील तर ती यंत्रमागाची. किंमत मग त्या हिशेबाने सांगावी.

दुसरा मुक्काम धाराशिव किंवा तुळजापूर. दोघांत अंतर वीस-बावीस किलोमीटरचे. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी असते. नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत तर गावात गाडी शिरू देत नाहीत, वाहने बाहेरच ठेवून चालावे लागते. निवांत दर्शन हवे तर या तिथी सोडून साध्या बुधवारी पहाटे जावे. मंदिर खोलगट भागात आहे, पायऱ्या उतरून जायचे आणि चढून परतायचे. गुडघेदुखीवाल्यांनी परतीच्या चढासाठी ताकद राखून ठेवावी.

तुळजापूरला येणारे नव्वद टक्के लोक नळदुर्ग न पाहता जातात असे म्हटले तर वावगे ठरू नये. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, तुळजापूरहून पस्तीसेक किलोमीटरवर हा भुईकोट आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदी अडवून किल्ल्यात बंधारा बांधला आणि बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल काढला. पाणी बंधाऱ्यावरून पडू लागले की नर आणि मादी असे दोन धबधबे होतात, आणि पाणीमहालाच्या झरोक्यात उभे राहिले की डोक्यावरून गेलेले पाणी डोळ्यांसमोर कोसळते, अंगावर थेंब येत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी पाण्याला एवढे नेमके वळण दिले आहे. आता इथे लोकांचे काय चुकते? नळदुर्गला पाऊस पडला की ते धावत जातात. नर-मादी पडण्याचा त्या दिवशीच्या पावसाशी संबंध नाही. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून सांडव्यावरून वाहू लागले, तरच किल्ल्यात पाणी येते. एखाद्या वर्षी ऑगस्टमध्ये भरते, एखाद्या वर्षी परतीच्या पावसात, आणि दुष्काळी वर्षात भरतच नाही. म्हणून धरण भरल्याची बातमी आली की दोन-तीन दिवसांत जावे. पाणी नसेल तरी किल्ला पाहण्याजोगा आहेच, उंच उपळी बुरूज आणि त्यावरच्या तोफा बारमाही आहेत. पाणी वाहत असताना बंधाऱ्याच्या माथ्यावर शेवाळ असते, तिथे छायाचित्रासाठी उभे राहणे म्हणजे जिवाशी खेळ.

धाराशिवहून दुसऱ्या दिवशी तेर. संत गोरोबाकाकांचे गाव आणि जुने तगर, जिथला माल एके काळी भडोचमार्गे रोमपर्यंत जात होता. विटांचे त्रिविक्रम मंदिर मागच्या अंगाने फिरून पाहावे, गजाच्या पाठीसारखा त्याचा गोल आकार समोरून कळत नाही. तिथल्या संग्रहालयाला तासभर द्यावा, मातीचे मणी आणि छोट्या मूर्ती भिंगातून पाहण्याजोग्या आहेत. येताना येडशीच्या रामलिंगाला पावसाळ्यात धबधबा असतो. वाटेत खाऊचे म्हणाल तर भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढा. खवा घरी न्यायचा तर सकाळीच घ्यावा, कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या बंद डब्यात कोंबू नये. घाम धरतो आणि रात्रीपर्यंत आंबतो.

तिसरा मुक्काम अंबाजोगाई. योगेश्वरीचे मंदिर, दासोपंतांची समाधी, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी असलेली दरी आणि गावाला लागून हत्तीखान्याची लेणी, एवढे गावातच दीड दिवसाचे आहे. परळी वैजनाथ सुमारे २५ किलोमीटर, धारूरचा किल्ला दुसऱ्या अंगाला. दिवाळीच्या आगेमागे बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे रस्त्यावर पाट्या भरून असतात. पिकलेले मऊ फळ एसटीत टिकत नाही, घरी पोहोचेपर्यंत लगदा होतो. फळ टणक, पण डोळे उघडलेले बघावे, म्हणजे दोन फुगवट्यांमधली खाच रुंद आणि पिवळसर पांढरी झालेली. असे फळ दोन-तीन दिवसांत गवतात पिकते. डोळे मिटलेले हिरवेगार फळ काढणीआधीच तोडलेले असते, ते पिकत नाही, काळे पडते.

नांदेडचा मुक्काम ज्यांना दूरची वाट चालते त्यांच्यासाठी. सचखंड हुजूर साहिबला डोके झाकून आणि पाय धुऊन जावे, लंगरमध्ये ताटात घेतलेले टाकू नये. औंढा नागनाथ इथून साठेक किलोमीटर. तिथला गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते आणि आत हवा कमी असते. दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी गर्दीच्या दिवशी खाली उतरू नये. या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे, नामदेवांसाठी देऊळ फिरले ही कथा तिथेच ऐकावी. माहूर मात्र एका दिवसात ओढून-ताणून करू नये. सव्वाशे किलोमीटरच्या पुढे अंतर आहे, रेणुका, अनुसया आणि दत्तशिखर ही तीन टेकड्यांवरची ठिकाणे आहेत. एक रात्र तिथेच काढावी. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत पाहण्यासारखा, पण काठचा काळा दगड ओला असताना साबणासारखा असतो. कठड्याच्या आतूनच पाहावा.

वाहनाबद्दल. चार-पाच माणसांचे कुटुंब असेल तर भाड्याची गाडी डोळे झाकून ठरवू नये, आधी एसटीचा हिशेब करावा. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड किंवा जन्मतारीख असलेले ओळखपत्र वाहकाला दाखवावे लागते, झेरॉक्सवर वाद होतो. आजी, आई, मुलगी आणि एक पुरुष असे चौघे असले तर खर्च दोन-अडीच तिकिटांवर येतो. एक बारकावा सीमाभागातल्यांनी ध्यानात ठेवावा: हैदराबाद, बीदर, निजामाबाद अशा आंतरराज्य गाड्यांत ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढचे तिकीट पूर्ण. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास सवलत नसलेल्या माणसाला, तोही रोज दीड-दोनशे किलोमीटर फिरणाऱ्याला परवडतो. अर्धे तिकीट असलेल्या बाईने आधी बेरीज करून पाहावी. पास हातात आहे म्हणजे जागा राखीव आहे असे नाही.

खेड्यातल्या ठिकाणांसाठी मुक्कामी गाडीची माहिती काढावी. ती संध्याकाळी तालुक्याहून निघते, गावात रात्र काढते आणि पहाटे परत येते. संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने गेलेला माणूस रात्री परतू शकत नाही, आणि हे अनेकांना तिथे उतरल्यावर कळते. तिकीट काढताना 'गाडी कधी जाते' याआधी 'शेवटची परत कधी' हे विचारायची सवय लावून घ्यावी. सणाच्या दिवशी वाहक-चालकही रजेवर असतात, फेऱ्या रद्द होतात. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला लांबचा बेत आखू नये.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी: आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तत्काळ आदल्या दिवशी वातानुकूलितचे सकाळी दहाला आणि शयनयानाचे अकराला. देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून रात्री निघते आणि संभाजीनगरला भल्या पहाटे उतरवते. अशा वेळी लॉज ठरवताना एकच प्रश्न विचारावा, हिशेब २४ तासांचा की दुपारी बाराचा? बाराचा असेल तर पहाटे पाचला खोली घेतली की सात तासांत एक दिवसाचे भाडे संपते. स्थानकावरच्या प्रतीक्षागृहात तोंड धुऊन, सामान क्लोक रूमला टाकून सरळ किल्ल्याकडे निघणे जास्त शहाणपणाचे.

पिशवीत काय असावे? माणशी दोन लिटर पाणी, बॅटरी, उपरणे, जाड सुती मोज्यांचा एक जोड. मोजे थंडीसाठी नव्हेत. चित्रांच्या लेण्यांबाहेर आणि देवळांच्या आवारात दुपारी फरशी एवढी तापते की अनवाणी पायाला फोड येतात, ऑक्टोबरमध्येसुद्धा. सुट्टे पैसे, कारण भुईकोटाच्या गावी मोबाईलची रेंज गेली की पैसे देण्याचे यंत्र मुके होते. खायला धपाटे. ज्वारी, बेसन, कणीक, लसूण, तीळ आणि ओव्याचे धपाटे दह्याऐवजी पाण्यात भिजवून केले आणि तेल सोडून खरपूस भाजले तर दोन दिवस राहतात. दह्यातले दुसऱ्या दिवशी आंबूस लागतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. वाटेत जेवायला बसलात तर ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसाल्याची, आमटी मागावी, यादीत नसली तरी कित्येक खानावळींत घरच्यांसाठी केलेली असते. संभाजीनगरात असाल आणि मांसाहार चालत असेल तर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, एकदा खाल्ला पाहिजे, नान सकाळी भट्टीतून निघालेला.

ऋतूबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये इथे लेणी-किल्ले करू नयेत, पारा चाळीसच्या वर असतो आणि दगड रात्री नऊपर्यंत तापलेला राहतो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर पाण्याची ठिकाणे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी लेणी आणि किल्ले. पावसाळ्यात डांबरी सोडून काळ्या रानातल्या वाटेवर गाडी घालू नये. काळी माती चाकाला चिकटते, मडगार्डात भरते आणि चाक फिरायचेच थांबते. मग ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. पितळखोऱ्यासारख्या आडवाटेच्या लेण्यांना म्हणूनच पाऊस उघडल्यावर, वाट वाळल्यावर जावे. डिसेंबर उतरताना आणि जानेवारीत हुरडा. आगटीतून निघालेली कणसे गरम असतानाच तळहातावर चोळून खायची, गार झाली की दाणा चिवट होतो. वर थंड पाणी पिऊ नये, ताक प्यावे.

या सगळ्यात प्रवाशाच्या हाती नसलेल्या तीन गोष्टी आहेत आणि त्यासाठी आपल्या दैनिकाची मदत हवी आहे. एक, अजिंठा-वेरूळच्या बंद वारांची मोठी मराठी पाटी शहराच्या रेल्वे आणि बसस्थानकावर, आत शिरताच दिसेल अशी, लागली पाहिजे. दोन, तालुक्याच्या प्रत्येक बसस्थानकावर 'शेवटची परतीची गाडी' असा वेगळा फलक हवा. बऱ्याच ठिकाणी वेळापत्रकाचा रंग उडालेला आहे आणि चौकशीच्या खिडकीत माणूस नसतो. महिलांचे स्वच्छतागृह कुलपात असते आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नसते. निम्म्या तिकिटामुळे आज एसटीत बायका मोठ्या संख्येने फिरत आहेत, त्यांनी दिवसभर पाणी न पिता प्रवास करावा हे बरोबर नाही. तीन, बोरी आणि जायकवाडी धरणांतला पाणीसाठा आणि विसर्ग आपण पावसाळ्यात छापताच. त्याच चौकटीत 'नळदुर्गचे नर-मादी सुरू' किंवा 'बंद' एवढे दोन शब्द वाढवावेत, आणि ते गुरुवारच्या अंकात यावेत. शुक्रवारी रजेचा अर्ज देणाऱ्याला आणि शनिवारची गाडी धरणाऱ्याला तेवढे पुरते.

आपला,
एक नियमित प्रवासी वाचक
अंबाजोगाई, जि. बीड